तोंड पाहून न्याय
परदेशात काम करणाऱ्या आपल्या नर्स भगिनी आणि वर्णभेद



मिस्साअर्पणाची जी वही आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात असते, तिच्यात अलीकडे एक नवा हेतू वारंवार दिसतो. मृतांच्या आत्म्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, लग्नाच्या वाढदिवसासाठी या मिस्सा पूर्वीपासून आहेतच. आता त्यांच्या जोडीला 'मुलगी इंग्रजीची परीक्षा पास झाली म्हणून देवाचे आभार', 'सुनेला इंग्लंडचा व्हिसा मिळावा म्हणून', 'आयर्लंडला सुखरूप पोचल्याबद्दल' असे लिहिलेले आढळते. आम्हांला या नोंदी वाचून आनंद होतो. त्या प्रत्येक नोंदीमागे एका नर्सची कष्टाची वर्षे असतात, घरच्यांनी काढलेले कर्ज असते, एखाद्या ठिकाणी वाडीचा तुकडाही विकलेला असतो.

पण तिथे पोचल्यावर पुढे काय होते याची नोंद त्या वहीत कधीच नसते. 'मुलीला वॉर्डात रंगावरून अपमान सोसावा लागतो, तो थांबावा म्हणून' अशी मिस्सा आजवर कोणी सांगितलेली नाही. घरी फोन येतो तेव्हा 'सगळे बरे आहे' एवढेच सांगितले जाते. म्हणून या अभ्यासपाठासाठी आम्ही हा विषय निवडला आहे. त्याला आणखीही एक कारण आहे, आणि ते कबूल करूनच सुरुवात केलेली बरी.

मागच्या नाताळात आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी सुट्टीवर आली होती. मुंबईच्या एका रुग्णालयात तिने नऊ वर्षे आय.सी.यू.त काम केले आणि गेली चार वर्षे ती इंग्लंडमध्ये आहे. तिच्या परवानगीने, पण तिचे व तिच्या रुग्णालयाचे नाव न सांगता, हे लिहीत आहोत. सकाळच्या मिस्सेनंतर ती आम्हांला भेटायला आली. इंजेक्शन द्यायला गेली असता एका वृद्ध रुग्णाने हात मागे घेतला आणि 'हिचे हात नकोत, आमची नर्स पाठवा' असे सर्वांदेखत सांगितले, ही हकिकत तिने ऐकवली.

"फादर, त्या आजोबांचे मला एवढे लागले नाही," ती म्हणाली. "आजारी माणूस काहीही बोलतो, इथेसुद्धा आम्ही शिव्या खाल्ल्या आहेत. पण आमच्या इन्चार्जने काय करावे? काही न बोलता फळ्यावरचे माझे नाव पुसले आणि त्या बेडसमोर दुसरीचे लिहिले. मला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पाठवले. ड्युटी बदलताना कोणी एक शब्द काढला नाही. जणू चूक माझीच होती."

मग बाकीचेही निघाले. शनिवार-रविवारच्या नाइट ड्युट्या ठरावीक जणींच्याच वाट्याला येतात. बढतीच्या मुलाखतीला ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा तिनेच काम शिकवलेल्या मुली पुढे गेल्या. कारण विचारले तर 'तुमचे बोलणे अजून थोडे सुधारायला हवे' असे उत्तर मिळाले. शेवटी तिने विचारले, "फादर, तक्रार करू की गप्प बसू?"

आम्ही काय सांगितले? "बेटा, प्रभू येशूनेही सोसले. देवाला अर्पण कर." तिने मान डोलावली आणि ती निघून गेली. आमचे ते उत्तर त्या दिवसापासून आमच्याच मनाला टोचत राहिले. ते पुरेसे नव्हते, आणि जेवढे होते तेवढेही बरोबर नव्हते. त्यानंतर आम्ही या विषयावर जे वाचले, विचारले व चिंतन केले, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. हा प्रश्न आजचा नाही

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्याच काळात होऊन गेलेल्या मेरी सीकोल यांचे नाव मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्यांचा जन्म १८०५ साली जमैका बेटावर किंग्स्टन येथे झाला. वडील स्कॉटिश सैनिक, तर आई सावळ्या वर्णाची आणि औषधपाण्याची जाणकार. आईकडून विद्या घेऊन मेरी यांनी जमैका आणि पनामा येथे कॉलऱ्याच्या साथीत रुग्णांची सेवा केली. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक आजाराने मरत आहेत हे कळताच त्या लंडनला गेल्या आणि तिकडे पाठवल्या जाणाऱ्या परिचारिकांत आपल्याला घ्यावे अशी विनंती केली. त्यांना नकार मिळाला. आपल्या त्वचेच्या रंगामुळे तर हे झाले नसेल ना, ही शंका त्यांनी १८५७ च्या आपल्या आत्मवृत्तात स्पष्ट मांडली आहे.

मेरी सीकोल घरी परतल्या नाहीत. १८५५ साली त्या स्वतःच्या खर्चाने क्रिमियाला गेल्या, बालाक्लावाजवळ सैनिकांसाठी एक खाणावळवजा निवारा उघडला आणि तिथून आजारी व जखमी सैनिकांची काळजी घेतली. पुढे त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १८८१ साली त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या केन्सल ग्रीन येथील सेंट मेरी या कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्या विस्मरणात गेल्या होत्या. लंडनच्या ज्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंनी १८६० साली परिचारिकांची शाळा काढली, त्याच रुग्णालयाच्या आवारात २०१६ साली मेरी सीकोल यांचा पुतळा उभा राहिला.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, ५ जुलै १९४८ रोजी, ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. आपण तिला एन.एच.एस. म्हणून ओळखतो. रुग्णालये होती, पण हात कमी होते. म्हणून वेस्ट इंडीजच्या बेटांतून व इतर वसाहतींतून तरुण मुलींना नर्सिंग शिकण्यासाठी बोलावण्यात आले. त्या काळी तिथे नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम होते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणारी 'रजिस्टर्ड' नर्स होई व तिला पुढे बढती मिळे. दोन वर्षांचा पूर्ण करणारी 'एनरोल्ड' नर्स होई आणि तिची वाट तिथेच संपे. बेटांवरून आलेल्या कितीतरी मुलींना, पात्रता असूनही, फरक नीट समजावून न देता दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात बसवले गेले. ते प्रमाणपत्र घेऊन त्या मायदेशी परतल्या तर अनेक ठिकाणी त्याला मान्यता नव्हती. वॉर्डात बेडपॅन धुण्याचे आणि रात्रपाळीचे काम बहुधा त्यांच्याकडेच येई, असे त्या पिढीतल्या अनेकींनी सांगून ठेवले आहे.

इनॉक पॉवेल १९६० ते १९६३ या काळात ब्रिटनचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीतही वसाहतींतून आलेल्या नर्सेसवर रुग्णालये चालत होती. याच पॉवेल यांनी १९६८ साली बर्मिंगहॅम येथे बाहेरून येणाऱ्यांविरुद्ध असे जहाल भाषण केले की त्यांच्याच पक्षाच्या नेत्याने त्यांना पदावरून दूर केले. रुग्ण सांभाळायला परक्याचे हात हवेत, पण शेजारी म्हणून परका नको, असा हा दुटप्पीपणा आहे.

२. आजची परिस्थिती

'हे जुने झाले, आता तिकडे कायदे कडक आहेत,' असे कोणी म्हणेल. कायदे आहेत हे खरे. १९६८ च्या कायद्याने नोकरीत वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घातली. १९७६ च्या कायद्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट ओळखली. एखादा नियम वरून सर्वांना सारखा दिसला, पण त्याचा फटका विनाकारण एकाच समाजाला बसत असला, तर तोही भेदभावच होय. २०१० च्या समता कायद्यात हे सर्व एकत्र आणले आहे. तरीही कायदा दारापर्यंत येतो. आत, फळ्यावरच्या नावांपर्यंत, तो आपोआप पोचत नाही.

आज ब्रिटनच्या नोंदणीपुस्तकात नाव असलेल्या परिचारिका, मिडवाइफ आदींपैकी जवळजवळ दर चौघांत एक परदेशात शिकून आलेली आहे आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. मायदेशात कितीही वर्षांचा अनुभव असला, तरी बहुतेकींना तिथे नव्याने पास झालेल्या नर्सच्या श्रेणीपासूनच सुरुवात करावी लागते.

२०१४ साली रॉजर क्लाइन या अभ्यासकांनी एन.एच.एस.च्या वरिष्ठ पदांविषयी एक अहवाल लिहिला. बर्फाच्छादित शिखरे पांढरी असतात तशी या सेवेची शिखरेही पांढरीच आहेत, असा त्याचा आशय होता. त्याच्या पुढच्याच वर्षापासून इंग्लंडमध्ये वंशाच्या दृष्टीने दरवर्षी मोजणी होऊ लागली. मुलाखतीसाठी निवडलेल्या उमेदवारांतून प्रत्यक्ष नेमणूक होण्याची शक्यता गोऱ्या उमेदवाराच्या बाबतीत इतरांच्या सुमारे दीडपट आहे, असे वर्षानुवर्षे दिसत आले. आपल्या भगिनीला दोनदा जे उत्तर मिळाले ते या आकड्यात बसते. शिस्तभंगाच्या चौकशीतही २०१६ च्या सुमारास असाच दीडपट फरक होता. मात्र तो २०२३ पर्यंत जवळजवळ नाहीसा झाला. मोजायला लागले, जाब विचारायला लागले, की फरक पडतो हे यावरून लक्षात घ्यावे.

कोविडच्या महामारीत तर हा भेद मृत्यूपर्यंत पोचला. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी मृत आरोग्यसेवकांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी तपासल्या. मरण पावलेल्या नर्स व मिडवाइफ यांच्यापैकी ७१ टक्के अल्पसंख्य वंशांच्या होत्या. नोकरीतले त्यांचे प्रमाण मात्र सुमारे २० टक्केच होते. याची कारणे एकाहून अधिक आहेत. पण संरक्षक साहित्य अपुरे असतानाही 'मी त्या वॉर्डात जाणार नाही' असे म्हणण्याची हिंमत आम्हांला झाली नाही, असे अनेक परदेशी नर्सेसनी सांगितले, हेही त्यातले एक सत्य आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये परकीयांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा संडरलंड शहरात ड्युटीवर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसच्या टॅक्सीवर दगड फेकले गेले. २०२५ साली आयर्लंडमध्येही भारतीयांवर हल्ले झाले. ज्यांच्यासाठी रात्री जागायचे त्यांच्याच गावातून रस्त्याने जाताना भीती वाटावी, हे दुःख आपण समजून घेतले पाहिजे.

गप्प बसण्यामागे आणखी एक कारण असते. व्हिसा नोकरी देणाऱ्याशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. काही करारांत, ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास हजारो पौंड परत करण्याची अट असते. घरी कर्जाचा हप्ता, तिकडे मुलांची शाळा. अशा वेळी 'तक्रार का केली नाहीस?' असे आपण इथे बसून विचारणे फार सोपे आहे.

३. यात नेमके पाप कोणते?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायावरील भाग आम्ही वाचला होता. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, अशी त्यांची भूमिका आहे. न्यायाच्या विरुद्ध जाणाऱ्या पापांत त्यांनी एक वेगळे पाप सांगितले आहे. आपल्या भाषेत त्याला 'तोंड पाहून वाटप करणे' म्हणता येईल. ते साधे उदाहरण देतात. एखाद्याला त्याच्या ज्ञानामुळे शिक्षकाचे पद दिले तर तुम्ही योग्य कारण पाहिले. पण तो अमुक माणूस आहे एवढ्यासाठीच दिले, तर तुम्ही कारण सोडून तोंड पाहिले.

परीक्षेच्या वेळी ही कसोटी लावून पाहू या. इंजेक्शन कोणी द्यावे? ज्या नर्सला ते नीट देता येते तिने. यात त्वचेचा रंग हे कारण होऊच शकत नाही. शनिवारची रात्रपाळी कोणी करावी? आळीपाळीने सर्वांनी. तिथे पासपोर्ट हे कारण होत नाही. बढती कोणाला मिळावी? कामात जी पुढे आहे तिला. बोलण्याची ढब हे कारण तेव्हाच होईल, जेव्हा त्यामुळे रुग्णाला खरोखर काही समजत नसेल. असंबद्ध कारण जिथे निर्णय घेते तिथे अन्याय आहे. मग आवाज चढलेला असो वा अगदी सौम्य असो.

म्हणूनच आपल्या भगिनीचे म्हणणे मर्माचे आहे. रुग्ण बोलला तो अपमान होता. इन्चार्जने नाव पुसले तो अन्याय होता. त्या बाईंच्या मनात कदाचित द्वेष नसेलही; भांडण टळावे एवढाच हेतू असेल. पण पदावरचा माणूस जेव्हा शांततेसाठी दुर्बळाचा वाटा काढून घेतो, तेव्हा तो अपमानावर शिक्का मारतो. एप्रिल २०२० पासून एन.एच.एस.च्या नियमांप्रमाणे, तातडीची गरज नसेल तर, वंशावरून छळ करणाऱ्या रुग्णाला सेवा नाकारण्याचीही मुभा आहे. किमान 'ही आमची नर्स आहे, तिची आज इथे ड्युटी आहे' एवढे एक वाक्य तरी बोलता आले असते.

पवित्र शास्त्रात संत याकोबाच्या पत्रात याचेच चित्र आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला की त्याला चांगले आसन, आणि मळक्या कपड्यांतला गरीब आला की त्याला पायाशी जागा. याकोब याला केवळ वाईट शिष्टाचार म्हणत नाही. पाप म्हणतो (याकोब २:१-९). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश व रंग यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे असे शिकवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या परिपत्रात वर्णद्वेषाला विषाणूची उपमा दिली. तो मरत नाही, रूप बदलून लपून राहतो, असे त्यांचे सांगणे होते. कोविडच्या वर्षात नर्सेसना ही उपमा अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती.

४. सोसावे की बोलावे?

आता आमच्या चुकलेल्या उत्तराकडे येऊ. 'येशूनेही सोसले' हे खरे आहे. पण येशूने नेहमी मौनच पाळले का? योहानकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडून पाहा. प्रमुख याजकापुढे उभे असताना एका शिपायाने प्रभूला थप्पड मारली. प्रभूने उलट हात उगारला नाही. पण तो गप्पही बसला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि योग्य बोललो असेन तर मारतोस का, असा जाब त्याने विचारला (योहान १८:२२-२३). संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने शताधिपतीला विचारले की रोमी नागरिकाला चौकशीविना फटके मारणे कायद्याला धरून आहे का (प्रेषितांची कृत्ये २२:२५). पौलाने दुसऱ्या प्रसंगी आनंदाने मार खाल्ला होता. इथे मात्र त्याने कायद्याचा आधार घेतला आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

तेव्हा फरक नीट समजून घ्यावा. जे दुःख टाळता येत नाही ते देवाला अर्पण करणे ही भक्ती आहे. जो अन्याय थांबवता येतो त्याला 'क्रूस' हे नाव देऊन दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे ही भक्ती नव्हे. क्षमा करणे म्हणजे झालेले नाकारणे नव्हे. द्वेष न करता तक्रार करता येते. शिवाय तक्रार करणारी केवळ स्वतःसाठी करत नाही. तिच्या मागून येणाऱ्या मुलीसाठीही करते.

हे आम्ही त्या भगिनीला पुढे फोनवर सांगितले आणि आधीच्या उत्तराबद्दल तिची माफी मागितली. ती हसली व म्हणाली, "फादर, आईनेही तेच सांगितले होते, तुमच्यावर राग नव्हता." तिने तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावे असे सर्व लिहून काढले आणि आपल्या संघटनेच्या प्रतिनिधीला बरोबर घेऊन वरिष्ठांना भेटली. मोठा चमत्कार झाला नाही. कोणी माफी मागितली नाही. पण रंगावरून नर्स बदलून मागितल्यास इन्चार्जने स्वतः रुग्णाशी बोलावे आणि घटनेची नोंद करावी, असे त्या वॉर्डापुरते ठरले. बढती अजून मिळालेली नाही.

५. आपल्याच अंगणात

त्या फोनवर ती आणखी काही बोलली, आणि ते तिने स्वतःहून सांगितले याचा आम्हांला आदर वाटतो. तिच्याच वॉर्डात एक नायजेरियन नर्स आहे. आपल्याकडच्या मुली आपसांत बोलताना तिला नावाने नव्हे, रंगावरून ओळखत. "फादर, मीही हसले होते. माझे नाव पुसले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसली ती तीच."

मग आपण इथले पाहू या. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या १८५ नर्स नोकरी सोडून गावी परतल्या. पगार, सुरक्षितता, घरच्यांची काळजी अशी कारणे होतीच. पण चेहऱ्यावरून आम्हांला कोरोनाच्या नावाने हिणवले, काही वेळा अंगावर थुंकले, असेही त्यांच्यापैकी काहींनी सांगितले. जून २०२१ मध्ये दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयाने नर्सेसनी आपसांत मल्याळम बोलू नये असे परिपत्रक काढले. ओरड झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते मागे घेतले. म्हणजे इंग्लंडमध्ये आपण ज्या जागी उभे असतो, त्याच जागी आपल्या देशात केरळच्या, ईशान्येच्या, झारखंडच्या मुली उभ्या असतात. 'अहो, आमची मराठी नर्स पाठवा ना,' हे वाक्य आपल्या तोंडून कधी निघाले आहे का? भाषा कळत नाही म्हणून मदत मागणे वेगळे, आणि हात नाकारणे वेगळे.

आपल्या परिसरातील रुग्णालयांत काम करणाऱ्या काही मुली रविवारी सकाळच्या मिस्सेला येतात, मागच्या दाराजवळ उभ्या राहतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. कित्येक वर्षे त्या इथे आहेत. त्यांच्यापैकी किती जणींचे नाव आपल्याला माहीत आहे? लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावले? आम्हीही हा प्रश्न स्वतःला उशिराच विचारला.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याकडे एकदा जखमी माणसाच्या बाजूने पाहावे. जखमा धुऊन तेल लावणारा, पट्टी बांधणारा, रात्रभर उशाशी बसणारा तो परक्या समाजाचा होता. यहुदी लोक ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत अशांपैकी एक. शुद्धीवर येऊन जखमी माणूस जर म्हणाला असता, 'मला शोमरोनी हात नकोत, आमचा कोणी पाठवा,' तर? आमचे दोघे तर आधीच बाजूने निघून गेले होते.

६. आपण काय करावे?

जाणाऱ्यांनी: सही करण्याआधी करार संपूर्ण वाचावा, विशेषतः पैसे परत करण्याची अट. ब्रिटनच्या भरतीच्या नियमावलीनुसार नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. तिथे पोचताच नर्सेसच्या संघटनेचे सभासद व्हावे. अपमान झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द व साक्षीदार लिहून ठेवावेत. तोंडी सांगितले तरी मागाहून ईमेल पाठवावा. कायदेशीर दाद मागण्याची मुदत फार थोडी असते, म्हणून सल्ला लवकर घ्यावा. आणि दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या रंगाच्या बहिणीवर अन्याय होत असेल तर तिची साक्षीदार व्हावे.

घरच्यांनी: फोनवर पैशांची विचारपूस होते तशी 'ड्युटीवर लोक कसे वागतात?' हीही व्हावी. तिने काही सांगितले तर 'सांभाळून घे' हे आपले पहिले वाक्य नसावे. आधी ऐकावे. तिने दिलेला निर्णय, तक्रार करण्याचा असो वा काही काळ थांबण्याचा, तिचा मानावा. धोका तिने पत्करायचा असतो.

धर्मग्राम म्हणून: मिस्साअर्पणाच्या वहीत हा हेतूही लिहायला संकोच करू नये. नाव द्यायचे नसेल तर 'परदेशात काम करणाऱ्या एका भगिनीसाठी' एवढे पुरे. आणि मागच्या दाराजवळ उभ्या राहणाऱ्या भगिनींना येत्या महिन्याच्या समूहबैठकीचे आमंत्रण त्या त्या विभागाच्या प्रमुखांनी स्वतः जाऊन द्यावे, ही आमची विनंती आहे. आम्हीही मिस्सेनंतर मागच्या दाराशीच उभे राहू.

समूहचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील किंवा ओळखीतील कोणी परदेशात नर्स आहे का? तिच्या कामाच्या जागी तिला कसे वागवले जाते, हे आपल्याला खरोखर माहीत आहे का?

२. देवाला अर्पण करायचे दुःख आणि थांबवायचा अन्याय यांतला फरक आपल्या आयुष्यातील एखाद्या प्रसंगावरून सांगा.

३. रंग, भाषा, गाव किंवा जात पाहून आपण कोणाला कमी लेखले आहे का? त्या व्यक्तीसाठी या आठवड्यात आपण कोणती एक गोष्ट करू शकतो?

प्रभू तुम्हां सर्वांना आणि दूरदेशी आज रात्री ड्युटीवर असलेल्या आपल्या सर्व लेकीसुनांना आशीर्वादित करो.

तुमचे धर्मगुरू